एक गिटार, दोन खिडक्या

आमच्या शाखेला दोन खिडक्या आहेत. एकीवर ‘रोख जमा’ आणि दुसरीवर ‘रोख अदा’ असं ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे. रंगाऱ्याने दोन पाट्यांचे पैसे घेतले. बँकेने माणूस मात्र एकच दिला. पीककर्जाच्या दिवसांत हा माणूस घटकेत या खिडकीत, तर घटकेत त्या खिडकीत दिसतो, आणि नवख्या खातेदाराला वाटतं की आत जुळे भाऊ नोकरीला आहेत. तो माणूस म्हणजे मी. बी.कॉम.ला असताना ‘डबल एन्ट्री’ पाठ केली होती. एकाच माणसाची दोनदा एन्ट्री, असा तिचा खरा अर्थ नोकरीत कळला.

हे सगळं आठवायचं कारण गिटार.

दुसरबीडात गिटार? दचकू नका. आमचं गाव सिंदखेड राजा तालुक्यातलं, मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. इथे सोयाबीन होतं, कापूस होतो, गिटार होत नाही हे मलाही मान्य आहे. ती बाहेरून येते. ही आली आमच्या कॅशियरसाहेबांबरोबर.

कॅशियरसाहेब मूळ अकोल्याचे. लहानपणी हवाईयन गिटार शिकलेले. म्हणजे ती मांडीवर आडवी घेतात आणि डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी कांब धरून तारांवरून फिरवतात ना, ती. मी कॉलेजात असताना साधी, उभी गिटार खरडायला शिकलो होतो. तीन कॉर्ड येत होते आणि तेवढ्यावर आयुष्य निघेल अशी खात्री होती. संध्याकाळी कॅश जुळली की आम्ही दोघं त्यांच्या गच्चीवर बसायचो. ते जुन्या सिनेमाची गाणी कांबीवर घसरवत आळवायचे, मी खाली ठेका धरायचो. अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी गाण्याबद्दल अकरा वाक्यंही बोललो नसू. तशी गरजच पडायची नाही.

मग त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने एक गिटार आणून दिली. पेटी उघडली तेव्हा मला वाटलं, मामाला पाणी तापवायचा बंब पाठवलाय. सगळं अंग धातूचं! पितळेवर निकेलचा मुलामा, पोटावर जाळीची थाळी, आणि वजन असं की मांडीला मुंग्या याव्यात. घरमालकीणबाई वर आल्या, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “काय होय हे सायेब? कल्हईले आनलं का?”

हिला रेझोनेटर गिटार म्हणतात. हिच्या पोटात चित्रपटगृहातल्या भोंग्यात असतो तसा पातळ पत्र्याचा कोन असतो. तारा वाजल्या की कोन थरथरतो आणि लाकडी गिटारीपेक्षा किती तरी मोठा आवाज निघतो. ही १९२७ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मली. जॉर्ज बोशॅम्प नावाचा एक रंगमंचावरचा वादक होता. तो हवाईयन गिटार वाजवायचा आणि बाकीच्या वाद्यांच्या गोंगाटात त्याची गिटार कुणाला ऐकूच यायची नाही. मासिक मीटिंगमध्ये क्लार्कचं होतं तसंच. तो जॉन डोपयेरा या स्लोव्हाक कारागिराकडे गेला आणि म्हणाला, मोठ्याने बोलणारी गिटार करून द्या. डोपयेराने जर्मन सिल्व्हरच्या अंगात ॲल्युमिनियमचे तीन कोन बसवून दिले. ‘नॅशनल’ कंपनी निघाली.

इथे आपल्या बायकामंडळींसाठी एक खुलासा. आपल्या घरात ‘जर्मनचं पातेलं’ म्हणजे ॲल्युमिनियमचं. खरं जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. त्यात चांदीही नाही आणि ॲल्युमिनियमही नाही. म्हणजे त्या पहिल्या गिटारीचं अंग बाजारातलं जर्मन आणि पोट आमच्या मोरीतलं जर्मन. हे मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “आणि वाजवणारा?”

पुढे रीतीप्रमाणे भांडण झालं. १९२८ साली डोपयेरा बाहेर पडला आणि भावांना घेऊन त्याने ‘डोब्रो’ काढली. डोपयेरातला ‘डो’ आणि ब्रदर्समधला ‘ब्रो’. शिवाय त्यांच्या भाषेत डोब्रो म्हणजे चांगलं. नॅशनलच्या एका कोनाच्या गिटारीत वाटी पालथी असते आणि तिच्या माथ्यावर एक लाकडी चकती ठेवतात, तिला चक्क बिस्किट म्हणतात. डोब्रोत वाटी उताणी, आपल्या लोणारच्या सरोवरासारखी, आणि तिच्यावर कोळ्याच्या पायांसारखा सांगाडा. दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या, दमल्या आणि काही वर्षांनी एकत्र झाल्या. २०२० साली दहा सरकारी बँकांच्या चार होताना ज्यांनी पाहिल्या त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. गंमत पुढेच आहे. आवाजासाठी हा सगळा खटाटोप करायला लावणारा तोच बोशॅम्प, १९३२ च्या सुमारास विजेची गिटार बाजारात आणण्यात आघाडीवर होता! म्हणजे रेझोनेटर पाच वर्षांत जुनी झाली. पण दुसरबीडात लाइन गेली की विजेची गिटार मुकी होते आणि ही बंबासारखी गिटार बोलतच राहते, हे त्याने लक्षात घेतलं नव्हतं.

असो. तर कॅशियरसाहेबांनी प्रमोशन घेतलं.

बँकेत प्रमोशन घेतात, मिळत नाही. घेतलं की बदली आलीच. ती आली थेट आसामात. विमानाच्या वजनात बंब बसेना. निघायच्या आदल्या रात्री ते माझ्याकडे आले, माझी हलकी लाकडी गिटार उचलली आणि आपली धातूची माझ्या दारात ठेवली. “ही मी नेतो. ही तुम्ही ठेवा,” ते म्हणाले. मग जिन्यावरून वळून, “दोन्ही वाजवत जा.”

दोन्ही! अकरा वर्षं जी दोन माणसांची कामं होती ती आता एका माणसाने एका गिटारीवर करायची. मी त्या रात्री गिटार उभी धरून पहिला कॉर्ड दाबला आणि ओरडलो. तारा मानेपासून इतक्या उंच, की खालून पाल निघून गेली असती.

यातलं शास्त्र सांगतो, कारण सगळा तंटा याच उंचीचा आहे. कांब तारांवर नुसती टेकवायची असते. तारा खाली असल्या तर कांब खालच्या पडद्यांवर आपटते आणि गाण्यात मधूनमधून कुणी कुलूप लावतंय असा आवाज येतो. म्हणून घसरवून वाजवणाऱ्याला तारा उंच हव्यात आणि जाड हव्यात. ठेका धरणाऱ्याला कॉर्ड दाबायचे असतात. त्याला त्या खाली हव्यात, नाही तर बोटं सोलतात आणि दाबताना तार ताणून स्वर चढतो. हवाईयन पद्धतीच्या गिटारीला तर मानही चौकोनी असायची, म्हणजे दुसरं काही वाजवायचा मोहच नको. आमची गोल मानेची होती, पण साहेबांनी वरच्या टोकाच्या पट्टीवर एक लोखंडी टोपी चढवून तारा उचलल्या होत्या. या पट्टीला नट म्हणतात. नाटकातला नट उंच असला तर नायिकेची सोय होते. इथला उंच झाला तर माझी गैरसोय. मी टोपी काढली. तारा खाली आल्या, माझे तीन कॉर्ड गोड वाजू लागले, आणि बाटली घसरवली की कुलूप! टोपी घातली की जमा खिडकी बंद, काढली की अदा खिडकी बंद.

मधला मार्ग काढला तो एका मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने. कार्डाची जाडी जगभर ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. त्याच्या दोन पट्ट्या कापून नटाखाली घातल्या. दीड मिलिमीटर उचल झाली; बाराव्या घराशी पोचेपर्यंत तिचा निम्मा भाग उरतो. आता बाटली अगदी हलक्या हाताने फिरवली तर आपटत नाही, आणि कॉर्ड दाबले तर बोटांना फक्त झोंबतं. दोन्ही पक्ष सारखेच नाराज, म्हणजे तडजोड बरोबर झाली. कार्ड एरवी माझ्या कामाला कधी आलं नव्हतं. खात्यात असायला लागतं ना काही.

बाटलीची हकीकत वेगळी. एकट्या वादकाने कांब मुठीत धरून चालत नाही, मग दाबायला बोटं राहत नाहीत. करंगळीत काचेची नळी घालायची आणि बाकी तीन बोटं मोकळी ठेवायची. अमेरिकेत यासाठी बाटलीची मान कापून घेत. मी भंगारवाल्याकडे रिकामी बाटली मागायला गेलो, तर बँकेतला माणूस बाटल्या हुंगत उभा आहे ही वार्ता माझ्याआधी घरी पोचली. होमिओपॅथीची बाटली करंगळीच्या नखावरच अडली. शेवटी गॅरेजवाल्याने एक जुना सॉकेट दिला. “कायले पाह्यजे सायेब?” तो म्हणाला. संगीतासाठी म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. वेड्यांकडून घेत नसावा.

आता प्रश्न वाजवायचा कसा. रिकाम्या संध्याकाळी मी पूर्वजांचा शोध घेऊ लागलो, की आपल्यासारखी एकट्याची वेळ आणखी कुणावर आली होती का.

हवाईत नव्हती आली. तिथे जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने १८८९ च्या आसपास तारांवर लोखंड घसरवायची युक्ती काढली असं सांगतात. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाने तिथे ती त्याआधीच केली होती असंही सांगतात. म्हणजे शोध आपलाच, पण पुराव्याचा कागद सापडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कर्जदारांची हीच अडचण असते. ते काही असो, हवाईत घसरवणारा एक आणि ठेका धरणारा दुसरा. टाऊ मो नावाचा वादक १९२८ साली हवाई सोडून निघाला. त्याच्याकडे नॅशनलची तीन कोनांची गिटार, आणि शेजारी गाणारी नि ठेक्याची गिटार वाजवणारी बायको रोझ. दोघं जगभर फिरले, १९४० च्या दशकात कलकत्त्यात येऊन राहिले, आणि पन्नासेक वर्षं वाजवून पुन्हा हवाईला गेले. नवरा घसरतो आणि बायको सांभाळून घेते, ही तर आपल्याकडेही जुनी पद्धत आहे. मी सौ.ला विचारून पाहिलं. तिने कणकेचा हात दाखवला.

बरं, मुंबईत पाहावं तर व्हॅन शिप्ले. लखनौला १९२७ साली जन्मलेले, म्हणजे रेझोनेटरच्याच वयाचे. अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेले. सिनेमाची गाणी त्यांनी हवाईयन गिटारीवर वाजवली त्या तबकड्यांवर कॅशियरसाहेबांचा पिंड पोसला होता. पण त्यांच्याही मागे ठेक्याला माणसं होती.

एकट्याचा मामला सापडला तो अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मुलखात. कापूस म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर, गाडीची वाट पाहत असताना, फाटक्या कपड्यातला एक काळा माणूस तारांवर सुरी दाबून वाजवताना त्याने ऐकला. (आपल्याकडे हे घडायला आधी स्टेशन हवं. खामगाव-जालना रेल्वेची मागणी मी आजोबांच्या तोंडून ऐकली आहे.) त्या मुलखातले सन हाउस, बुका व्हाइट हे पुढे नॅशनलची धातूची गिटार घेऊन बसले. ती घ्यायचं कारण नाजूक नव्हतं. शनिवारी रात्री माणसं नाचायची, ओरडायची, आणि वाजवणारा बहुधा एकटा. दुसऱ्या माणसाला बिदागी कोण देणार? मग एकानेच अंगठ्याने खालच्या जाड स्वरांवर पाय आपटल्यासारखा ठेका धरायचा, करंगळीतल्या नळीने वरच्या तारांवर रडायचं, आणि वर गायचं. तीन खिडक्या!

त्यांची सुरावट मी लावून पाहिली. सहा तारा अशा जुळवायच्या की न दाबता झणकारल्या तरी कॉर्ड वाजावा. आपल्या भाषेत प सा प सा ग प. पाचव्या घरावर नळी आडवी ठेवली की सगळं मध्यमावर जातं, सातव्यावर पंचमावर. झाले की माझे तीन कॉर्ड! दोन दिवस मी फार खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नळी आडवी ठेवून फक्त शुद्ध गंधाराचाच कॉर्ड निघतो. कोमल गंधार आला की नळी हात वर करते. आणि साहेबांची निम्मी गाणी कोमल गंधाराची. तिथे ती तीन मोकळी बोटं लागतात, वेडीवाकडी दाबावी लागतात, आणि ०.७६ मिलिमीटर म्हणजे काय ते तेव्हा कळतं.

महिनाभर मी दोन्ही कामं पूर्ण करायचा हट्ट धरला. ठेकाही पहिल्यासारखा भरगच्च, घसरही पहिल्यासारखी लांब. परिणाम असा की स्वर लांबवला की ठेका पळून जायचा आणि ठेका पकडला की स्वर अर्ध्यात तुटायचा. दोन्ही खिडक्यांवर रांग, आणि मी मधल्या दारात.

वाट दाखवली ती आमच्याच तालुक्याने, जरा लांबून. सिंदखेड राजा म्हणजे जिजाऊंचं माहेर. १५९८ चा त्यांचा जन्म इथला. त्यांच्या सवतीचे, तुकाबाईंचे चिरंजीव व्यंकोजी. त्यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि पुढे १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. मराठी घरं तिकडे रुजली. त्याच तंजावर मुलखात तिरुविडैमरुदूर नावाचं गाव आहे, आणि तिथे सखाराम राव नावाचे नामांकित वादक होऊन गेले. सखाराम! नाव ऐकून वाटतं, उद्या लग्नपत्रिका घेऊन दारात येतील. ते गोट्टुवाद्यम वाजवत. म्हणजे वीणाच, पण तिला पडदे नाहीत, आणि स्वर काढायचे ते लाकडाचा गुळगुळीत गोटा तारांवरून घसरवून. कर्नाटक संगीतातले थोर गायक सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर लहानपणी त्यांच्याकडे शिकले.

पण माझ्या कामाची गोष्ट बाजूला होती. त्या वाद्याच्या कडेला तीन वेगळ्या तारा असतात, तालाच्या. मुख्य तारांवर गोटा फिरत असताना मधूनच त्या तीन तारा छेडायच्या. कॉर्ड नाही, भरगच्चपणा नाही. नुसतं ‘मी इथे आहे’ एवढं सांगायचं. उत्तरेत सतारीची, सरोदची चिकारी हेच करते. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर आणि बासरीबरोबर गिटार आहे ती ब्रिजभूषण काब्रांची, त्यांनी मांडीवरच्या गिटारीत चिकारीची सोय केली. विश्वमोहन भट्टांनी तर मोहनवीणाच घडवली आणि राय कूडरबरोबर वाजवून १९९४ साली ग्रॅमी आणलं. आणि एवढ्या लांब कशाला जावं? शाहिराच्या मागे उभा राहून तुणतुणं वाजवणारा काय करतो? एक तार, एक स्वर, तोच तोच. पण तो थांबला तर शाहीर उघडा पडतो. अकरा वर्षं गच्चीवर मी कॉर्ड वाजवतो असं समजत होतो. मी तुणतुणं होतो!

मग मी ठेक्याला कात्री लावली. उजव्या अंगठ्याने सा आणि प, एवढंच. स्वर लांब घसरत असेल तेव्हा अंगठासुद्धा एखादी मात्रा सोडून देतो. सोडलेली मात्रा ऐकणारा मनात भरून घेतो, असं मला वाटतं, निदान सौ. आता दार लावून घेत नाही. खिडकीवरही मी तेच करू लागलो आहे. जमा घेताना अदावाल्याकडे नुसती मान हलवायची. तो थांबतो.

गेल्या रविवारी साहेबांचा फोन आला. तिकडे माझ्या लाकडी गिटारीवर ते कॉर्ड शिकताहेत. तीन येतात म्हणाले. फोन टेबलावर उताणा ठेवला, स्पीकर लावला आणि आम्ही पुन्हा दोघं बसलो: ते आसामातून ठेका धरणार, मी दुसरबीडातून घसरणार. नेहमीचंच गाणं. पहिल्या ओळीलाच त्यांचा ठेका मला उशिरा पोचायला लागला आणि माझा स्वर त्यांना.

“तुम्ही मागे राहताय,” मी म्हणालो.

“नाही हो, तुम्हीच मागे,” तिकडून आवाज. मग थोडा वेळ काही नाही. कॅश जुळली नाही की ते असेच गप्प बसायचे, पेन कानाला लावून. “अर्ध्या मात्रेचा फरक येतोय,” ते शेवटी म्हणाले. “मी थांबतो. तुम्ही दोन्ही वाजवा, मी ऐकतो.”

मी करंगळीत सॉकेट घातला आणि अंगठा सुरू केला. दुसऱ्या कडव्याला तिकडून टेबलावर बोटं वाजल्याचा आवाज येऊ लागला, अर्धी मात्रा मागे.